न झालेल्या रोगाचे औषध

आठवडी बाजारात दाढेतली कीड काढून देणारा माणूस पूर्वी हमखास दिसे. दाढ दुखणाऱ्या गिऱ्हाइकाला तो समोर बसवी, कसलासा पाला दाढेवर दाबी, कापसाचा बोळा तोंडात फिरवी आणि थोड्या वेळाने बोळ्यावरची वळवळणारी अळी जमलेल्या सर्वांना दाखवी. गिऱ्हाईक पैसे मोजून निघून जाई. वास्तविक दात किडतो तो अळीमुळे नव्हे. तोंडातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे दाताचे कवच झिजते. अळी बोळ्यात आधीच लपवलेली असे.

या युक्तीची रचना नीट पाहण्यासारखी आहे. गिऱ्हाइकाच्या मनातली भीती खरी असते. रोगाची तपासणी करणारा आणि औषध विकणारा माणूस एकच असतो. आणि तपासणीचा निकाल तपासणीपूर्वीच ठरलेला असतो. दाढ निरोगी असती तरी अळी निघालीच असती.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हीच रचना संगणकाच्या पडद्यावर अवतरली आहे. पडद्यावर अचानक लाल अक्षरांत सूचना झळकते, 'तुमच्या संगणकात ३७ विषाणू आढळले आहेत'. खाली एक पट्टी भराभर सरकत तपासणी चालल्याचे दाखवते आणि शेवटी विषाणू काढून टाकण्यासाठी अमुक इतके पैसे भरा असे सांगते. विषाणू नसतो, तपासणी झालेली नसते आणि विकत मिळणारी विषाणूरोधक आज्ञावली, म्हणजेच अँटिव्हायरस, हाच फसवणुकीचा माल असतो. हा धंदा कसा जन्मला, कसा फोफावला आणि त्याने आपले रूप कसे बदलले, याचा इतिहास शिक्षकांना माहीत असायला हवा. कारण गावात आणि नात्यात संगणकाची अडचण आली की लोक बहुधा शिक्षकांनाच विचारतात.

खरे विषाणू, खरी औषधे

एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर स्वतःहून जाणारी आज्ञावली १९७१ साली अमेरिकेत तयार झाली. बीबीएन या कंपनीतील बॉब थॉमस यांनी 'क्रीपर' नावाची ही आज्ञावली अर्पानेट या संगणक-जाळ्यासाठी प्रयोग म्हणून लिहिली होती. ती काही बिघडवत नसे, फक्त आपण आल्याची वर्दी देई. तिचा माग काढून तिला पुसून टाकणारी 'रीपर' ही आज्ञावली रे टॉमलिन्सन यांनी लिहिली. विषाणूरोधकांचा हा मूळपुरुष म्हणता येईल.

'विषाणू' हा शब्द मात्र नंतरचा. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थी फ्रेड कोहेन यांनी १९८३ साली स्वतःच्या प्रती इतर आज्ञावल्यांत घुसवणारी एक आज्ञावली करून दाखवली. तिला 'व्हायरस' हे नाव सुचवले त्यांचे प्राध्यापक लिओनार्ड एडलमन यांनी. नाव समर्पक होते, पण त्याबरोबर वैद्यकाची सारी भाषाच संगणकाच्या जगात आली. यंत्राला 'लागण' होऊ लागली, त्याला 'लस' देता येऊ लागली, ते 'निरोगी' किंवा 'आजारी' ठरू लागले. रोगाची भीती माणसाच्या मनात किती खोल असते हे निराळे सांगायला नको. ती भीती या शब्दांबरोबर आयती मिळाली.

कोहेन यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सर्व विषाणू ओळखणारी आणि कधीही न चुकणारी तपासनीस आज्ञावली असूच शकत नाही. त्यांचा युक्तिवाद वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही समजण्यासारखा आहे. असा बिनचूक तपासनीस आहे असे क्षणभर धरू. आता एक आज्ञावली अशी लिहू की ती त्या तपासनिसालाच विचारील, 'मी विषाणू आहे का?' उत्तर 'हो' आले तर ती काहीच करणार नाही, आणि 'नाही' आले तर ती पसरू लागेल. तपासनिसाने कोणतेही उत्तर दिले तरी ते चूकच ठरेल. म्हणजे बिनचूक तपासनिसाची कल्पनाच स्वतःशी विसंगत आहे. प्रामाणिक विषाणूरोधकाला म्हणूनच नेहमी मर्यादा असतात. तो ज्ञात विषाणूंच्या खुणा फायलींशी ताडून पाहतो, संशयास्पद वागणुकीवर नजर ठेवतो, कधी चुकतोही. पूर्ण खात्री देणे त्याला शक्य नसते.

आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांत पसरलेला पहिला विषाणू 'ब्रेन' हा १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या भावांनी लिहिला. आपण तयार केलेल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या नकलांना आळा बसावा हा आपला हेतू होता, असे त्यांनी सांगितले. फ्लॉपीवर दडून पसरणाऱ्या या विषाणूत त्यांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता, आणि लस हवी असल्यास आमच्याशी संपर्क साधा असा मजकूरही. रोगाच्याच पोटात औषधाची जाहिरात असल्याचे हे बहुधा पहिले उदाहरण.

फ्लॉपींच्या देवाणघेवाणीतून विषाणू भारतातही पसरले आणि त्यांवरचे उपायही येथे तयार होऊ लागले. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांची 'क्विक हील' ही विषाणूरोधक आज्ञावली १९९५ साली बाजारात आली. अशा अस्सल आज्ञावल्यांना मोल होते, कारण रोग खरा होता. पण खऱ्या औषधाला किंमत आली की खोट्या औषधालाही गिऱ्हाईक मिळते.

भीती एकटीही काम करते

विषाणूपेक्षा त्याची भीती अधिक वेगाने पसरते हे १९९० च्या आसपास दिसू लागले. डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने अनेक देशांतील लोकांना पाठवल्या गेल्या. त्यांवर एड्सविषयी माहिती असल्याचे लिहिले होते, आणि प्रश्नांची उत्तरे दिल्यावर तुम्हाला एड्सचा धोका किती ते ही आज्ञावली सांगत असे. मात्र संगणक सुमारे नव्वद वेळा सुरू झाला की ती फायलींची नावे गुप्त लिपीत बदलून टाकी आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्यास सांगे. या प्रकरणी जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञाला अटक झाली, परंतु मानसिक अवस्थेमुळे त्याच्यावर खटला चालू शकला नाही. हा प्रकार नंतरच्या खंडणीखोर आज्ञावल्यांचा पूर्वज मानला जातो. त्यात नुकसान खरे होते. पुढच्या ठकांनी नुकसान करण्याचेही कष्ट वाचवले.

१९९२ सालच्या 'मायकेलअँजेलो' विषाणूने वेगळा धडा दिला. त्या शिल्पकाराच्या जन्मदिनी, म्हणजे ६ मार्चला, हा विषाणू चकतीवरील माहिती पुसून टाकणार होता. विषाणू खरा होता. परंतु पन्नास लाखांपर्यंत संगणक निकामी होतील असे अंदाज वृत्तपत्रांत आले. ते सांगणाऱ्यांत विषाणूरोधक विकणारे जॉन मॅकॅफी प्रमुख होते. प्रत्यक्षात बाधित संगणकांची संख्या दहा-वीस हजारांच्या घरात राहिली, पण विषाणूरोधकांची विक्री मात्र धडाक्यात झाली. भाकीत करणारा आणि औषध विकणारा एकच असला की आकडा कोणत्या बाजूला झुकतो हे येथे दिसते. विक्रेता प्रामाणिक असला तरी हा धोका राहतोच.

त्यानंतर विषाणूशिवाय नुसत्या भीतीचेही प्रयोग झाले. १९९४ साली 'गुड टाइम्स' या नावाचे इ-पत्र उघडू नका, ते तुमची चकती पुसून टाकील, असा इशारा जगभर फिरला. असे विषाणूपत्र अस्तित्वातच नव्हते. लोकांनी एकमेकांना पाठवलेला इशारा हाच विषाणूसारखा पसरत होता. २००२ साली तर फिरत्या पत्राने सांगितले की तुमच्या विंडोजमध्ये अस्वलाचे चित्र असलेली एक फाइल आहे, ती विषाणू आहे, ताबडतोब पुसून टाका. फाइल बहुतेकांच्या संगणकात खरोखरच सापडे, कारण ती विंडोजचाच एक निरुपद्रवी भाग होती. सांगितलेली वस्तू सांगितलेल्या जागी सापडली म्हणजे सांगितलेला अर्थही खरा, असा समज लोकांनी करून घेतला आणि स्वतःच्या हाताने चांगली फाइल पुसली. ही तर्कदोषाची जागा लक्षात ठेवावी, कारण पुढच्या काळातील ठकांनी तिचा पुरेपूर वापर केला.

धंदा उभा राहतो

आता कोणीतरी या भीतीला दर लावणे एवढेच बाकी होते. विंडोजमध्ये त्या काळी 'मेसेंजर सेवा' नावाची सोय असे. कार्यालयातील व्यवस्थापकाने सर्व संगणकांवर सूचना पाठवावी यासाठी ती होती, पण इंटरनेटवरून कोणीही तिच्यातून पडद्यावर चौकट झळकवू शकत असे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००३ साली सॅन दिएगोच्या डी स्क्वेअर्ड सोल्यूशन्स या कंपनीविरुद्ध न्यायालयात तक्रार केली. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे ही कंपनी लोकांच्या पडद्यावर दर दहा मिनिटांपर्यंतच्या अंतराने चौकटी झळकवत होती आणि त्या चौकटींत जाहिरात होती ती चौकटी बंद करणाऱ्या आज्ञावलीची! वास्तविक ही सोय विंडोजमध्येच फुकट बंद करता येत होती. मायक्रोसॉफ्टने २००४ साली ती मुळातच बंद करून दिली.

पुढची पायरी 'मोफत तपासणी' ही होती. 'स्पायवेअर क्लीनर' नावाची आज्ञावली विकणाऱ्या न्यू यॉर्क राज्यातील सिक्युअर कंप्युटर कंपनीवर वॉशिंग्टन राज्याने जानेवारी २००६ मध्ये दावा लावला. मोफत तपासणीत हेर आज्ञावल्या सापडल्या असे खोटेच सांगून ती सुमारे ५० डॉलरना विकली जाते, असा आरोप होता. वर्षअखेर कंपनीने दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली.

याहून फार मोठा व्यवहार 'इनोव्हेटिव्ह मार्केटिंग' या कंपनीचा होता. ती नोंदवलेली होती बेलीझ या छोट्या देशात, आणि तिचे काम चाले युक्रेनची राजधानी कीव्हमधून. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस अशी तिची नावे बदलत, आतला माल तोच असे. व्यापार आयोगाने डिसेंबर २००८ मध्ये तिच्याविरुद्ध कारवाई केली तेव्हा दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे सांगितले गेले. २०१० साली शिकागो येथे दाखल झालेल्या आरोपपत्रात साठाहून अधिक देशांतील लोकांचे दहा कोटी डॉलरहून अधिक नुकसान नमूद होते. २०१२ साली न्यायालयाने या प्रकरणी १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला.

एवढ्या लोकांपर्यंत ही खोटी सूचना पोहोचे कशी? प्रतिष्ठित संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतून. आयोगाच्या तक्रारीप्रमाणे या मंडळींनी आपण नामांकित संस्थांच्या वतीने जाहिराती देत आहोत असे भासवून जागा विकत घेतली. जाहिरातीत अशी मेख होती की जाहिरात-कंपनीचा कर्मचारी ती पाहत असेल तर त्याला साधी जाहिरात दिसावी आणि सामान्य वाचकाला मात्र ती खोट्या तपासणीच्या पानावर ओढून न्यावी. पाहणी करणाऱ्याला सोज्वळ चेहरा आणि गिऱ्हाइकाला दुसरा, अशी ती व्यवस्था होती.

सप्टेंबर २००९ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या संकेतस्थळावरही असेच घडले. एका दूरध्वनी कंपनीच्या नावाने आलेली जाहिरात आठवडाभर व्यवस्थित चालली आणि शनिवार-रविवारी, कार्यालयात माणसे कमी असताना, तिच्या जागी खोट्या विषाणूरोधकाची सूचना झळकू लागली. पुढच्या वर्षी मिनिआपोलिसच्या एका दैनिकाच्या संकेतस्थळावर हॉटेलच्या जाहिरातीआडून हाच खेळ झाला. म्हणून 'मी भलत्या पानावर गेलोच नव्हतो' हे फसलेल्या माणसाचे म्हणणे खरे असू शकते. त्याला दोष देण्यापूर्वी हे आठवावे.

दोन टक्क्यांचे गणित

या फसवणुकीचा आवाका केवढा होता? सिमँटेक कंपनीच्या अहवालाप्रमाणे जुलै २००८ ते जून २००९ या एका वर्षात अडीचशेहून अधिक प्रकारच्या खोट्या संरक्षक आज्ञावल्या बसवण्याचे चार कोटी तीस लाख प्रयत्न तिला आढळले. गूगलच्या संशोधकांनी तेरा महिन्यांत चोवीस कोटी पाने तपासली, तेव्हा खोटे विषाणूरोधक पसरवणारी अकरा हजारांहून अधिक संकेतस्थळनामे मिळाली. त्यांच्या २०१० च्या निबंधाच्या नावात त्यांनी 'नोसिबो' हा वैद्यकातील शब्द वापरला. निरुपद्रवी गोळी औषध म्हणून दिली आणि रोग्याला बरे वाटले तर तो प्लासिबो परिणाम. केवळ अपाय होईल या अपेक्षेने खरोखर त्रास जाणवला तर तो नोसिबो परिणाम. संगणक संथ का झाला याचे कारण माहीत नसलेल्या माणसाला 'विषाणू' हे उत्तर मिळाले की संगणकाची प्रत्येक खोड त्याला लक्षण वाटू लागते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांना अशा तीन टोळ्यांच्या हिशेबाची माहिती मिळाली. २०११ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिन्ही टोळ्यांची मिळून कमाई तेरा कोटी डॉलरहून अधिक होती. पण ज्यांच्या संगणकांपर्यंत त्या पोहोचल्या त्यांपैकी पैसे भरणारे केवळ दोन-अडीच टक्के होते. शंभरांतील सत्त्याण्णवांनी दुर्लक्ष केले तरी लाखो लोकांपर्यंत पोहोचण्याचा खर्च नगण्य असल्याने धंदा भरभराटीत चाले.

याच अभ्यासात एक विलक्षण गोष्ट कळली. या टोळ्या काही गिऱ्हाइकांना मुकाट्याने पैसे परत करीत. कारण दया नव्हे. क्रेडिट कार्डाविषयीच्या तक्रारी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर कार्ड कंपन्या त्या व्यापाऱ्याचे खाते बंद करतात. म्हणून तक्रारींचा आकडा मर्यादेच्या आत राहील इतपत परतावा दिला जाई. यातून दोन निष्कर्ष निघतात. फसलेल्या माणसाने तक्रार केली तर पैसे परत मिळण्याची शक्यता असते. आणि लाजेने गप्प बसणारा माणूस नकळत या धंद्याला हातभार लावतो.

२०११ हे वर्ष या कथेत वळणाचे ठरले. मे महिन्यात 'मॅक डिफेंडर' हा खोटा विषाणूरोधक अॅपलच्या संगणकांवर आला. त्यापूर्वी अशी खोटी पाने अॅपलच्या संगणकावरही विंडोजचेच चित्र दाखवीत. ज्या यंत्रात 'सी' ड्राइव्ह नावाची चीजच नाही, त्याच्या 'सी' ड्राइव्हमध्ये डझनावारी विषाणू सापडत! ती सरकणारी पट्टी म्हणजे केवळ हलते चित्र होते याचा याहून चांगला पुरावा नाही. जूनमध्ये अमेरिकी तपास संस्था एफबीआयने अनेक देशांच्या पोलिसांसह दोन टोळ्यांवर कारवाई केली. त्यांतील एकीने नऊ लाख साठ हजार लोकांना सात कोटी वीस लाख डॉलरना गंडवल्याचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये फुकट विषाणूरोधक देऊ केला होता. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो प्रणालीतच अंगभूत आला. पडद्यावरची दुकानदारी त्यानंतर ओसरू लागली.

पडद्यावरून फोनवर

धंदा थांबला मात्र नाही. त्याने माणसाचा आवाज घेतला. 'मी संगणक कंपनीच्या तांत्रिक विभागातून बोलतोय, तुमच्या संगणकातून आम्हाला विषाणूचे संकेत येत आहेत' असे फोन इंग्रजी भाषक देशांत येऊ लागले. फोनवरचा माणूस विंडोजमधील घटनांची नोंदवही उघडायला लावी. तिच्यात किरकोळ चुकांच्या शेकडो नोंदी प्रत्येक संगणकात असतात. लाल खुणा पाहून समोरचा घाबरे. अस्वलाच्या चित्राच्या फायलीची युक्ती ती हीच. वस्तू खरी, अर्थ खोटा.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली, आणि त्यांतील बहुतेक भारतातून काम करीत होत्या. ही गोष्ट आपल्याला जवळची आहे आणि अप्रियही आहे. २०१८ च्या अखेरीस गुरुग्राम आणि नोएडा येथील पंचवीसहून अधिक कॉल सेंटरांवर मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून छापे पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांतही अशी प्रकरणे होती. नोकरीच्या शोधात असलेली, इंग्रजी बोलू शकणारी आपली मुलेच या टेबलांवर बसवली जातात. आपल्या विद्यार्थ्यांना फसवणुकीपासून वाचवायचे तसेच फसवणूक करायला लावणाऱ्या नोकरीपासूनही वाचवायला हवे.

मोठ्या दुकानाची पाटी ही हमी आहे असेही मानू नये. अमेरिकेतील ऑफिस डेपो या दुकानसाखळीत 'पीसी हेल्थ चेक' नावाची तपासणी होत असे. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न असत. संगणक संथ चालतो का, विषाणूच्या सूचना येतात का, तो बंद पडतो का, जाहिरातींच्या चौकटी उघडतात का. यांपैकी एकालाही 'हो' म्हटले की विषाणूची लक्षणे आढळली असा निकाल येई. यंत्रात काय आहे याच्याशी त्या निकालाचा संबंधच नसे. २०१६ साली सिएटलच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने पेटीतून नुकतेच काढलेले कोरे संगणक सहा दुकानांत नेले. चार दुकानांनी त्यांत रोगलक्षणे काढून दाखवली. २०१९ साली ही साखळी आणि तिची भागीदार कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

मोबाइलवरही हेच. एप्रिल २०१४ मध्ये गूगलच्या दुकानात 'व्हायरस शील्ड' हे चार डॉलरचे अॅप आले आणि हजारो लोकांनी विकत घेतले. स्पर्श केल्यावर फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवणे, एवढेच काम ते करी.

पारख कशी करावी

वाहिनीच्या पत्रकारांनी केले ते विज्ञानाच्या भाषेत नियंत्रित प्रयोग म्हणता येईल. रोग नक्की नाही अशा नमुन्यावर तपासणी करून पाहणे. न्यू यॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनीही २०१७ च्या अभ्यासात असेच केले. त्यांनी साठ फसव्या साहाय्यकांना फोन करून निर्दोष आभासी संगणक तपासायला दिले. उपचाराचा दर सरासरी २९० डॉलर निघाला. म्हणून कोणत्याही तपासणीला पहिला प्रश्न विचारावा, 'माझा संगणक निरोगी असता तर हिचा निकाल वेगळा आला असता का?'

घरगुती संगणकाबाबत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सोपे असते. वेबपाने दाखवणारा ब्राउझर मुद्दाम असा बनवलेला असतो की पानाला तुमच्या चकतीवरील फायली आपणहून वाचता येत नाहीत. तेव्हा 'तुमची चकती तपासली' असे सांगणारे पान खोटेच बोलत असते. खरा विषाणूरोधक सूचनेत फोन क्रमांक देत नाही, भोंगा वाजवीत नाही, आणि संगणक कंपन्या घरी आपणहून फोन करीत नाहीत.

अशी सूचना आली तर तिच्यातील कोणतेही बटण, अगदी 'बंद करा' हेसुद्धा, दाबू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून उघडणाऱ्या यादीतून ब्राउझर बंद करावा, आणि तो पुन्हा सुरू करताना जुनी पाने परत आणू नयेत. पानाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली तर नाकारावी, आणि पूर्वी दिली असल्यास ब्राउझरच्या सेटिंगमधून काढून घ्यावी. 'तुमच्या विषाणूरोधकाची मुदत संपली' असे खोटे निरोप आज बहुधा याच वाटेने येतात. संगणकाचा ताबा दुरून देणारी आज्ञावली अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही बसवू नये. बसवली गेलीच तर इंटरनेट तोडावे, ती काढून टाकावी आणि दुसऱ्या यंत्रावरून परवलीचे शब्द बदलावेत. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

विषाणूरोधक हवा असेल तर निदान करणारा आणि विकणारा वेगळा ठेवावा. विंडोजमधील अंगभूत संरक्षण चालू आणि प्रणाली अद्ययावत असणे ही पहिली पायरी. विंडोज १० चे नियमित मोफत सुधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, हे जुने संगणक असलेल्यांनी ध्यानात घ्यावे. त्याउपर काही विकत घ्यायचे तर जर्मनीतील एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज अशा स्वतंत्र प्रयोगशाळांचे अहवाल पाहावेत. खास भारतीयांसाठी 'सायबर स्वच्छता केंद्र' हा शासकीय उपक्रम २०१७ पासून सफाईची साधने मोफत देतो.

वर्गात या विषयावर एक चांगला तास होऊ शकतो. 'आयकार' नावाची अडुसष्ट अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल विषाणूरोधकांच्या निर्मात्यांनी ठरवून दिली आहे. मान्यवर विषाणूरोधक तिला विषाणू समजून अडवतात. शाळेच्या संगणक-व्यवस्थापकाच्या संमतीने ती एका यंत्रावर ठेवावी आणि शेजारच्या यंत्रावर साधी मजकुराची फाइल ठेवावी. विषाणूरोधक पहिलीवर ओरडला आणि दुसरीवर गप्प राहिला तर तो निदान दोन स्थितींत फरक करतो एवढे सिद्ध होते. तो सर्व विषाणू पकडतो हे मात्र सिद्ध होत नाही, आणि कोहेन यांच्या युक्तिवादानुसार तसे कधी सिद्ध होणारही नाही. 'फरक करतो' आणि 'सर्व पकडतो' यांतील अंतर मुलांच्या लक्षात आणून द्यावे. मग त्यांना घरी जाऊन हाच प्रश्न वजन कमी करणाऱ्या काढ्याच्या, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या आणि भविष्य सांगणाऱ्याच्या दाव्यांना विचारायला सांगावे, आणि मिळालेली उत्तरे दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडावीत.